उजळ गाभा, फिकट भुजा: दीर्घिकांच्या छायाचित्र-संस्करणाचा इतिहास

उजळ दीर्घिकेच्या छायाचित्रावर संस्करण करताना पहिली अडचण येते ती तेजाच्या पल्ल्याची. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१ चा, गाभा आणि तिच्या बाहेरच्या भुजा यांच्या पृष्ठतेजात सुमारे १० प्रतींचे अंतर आहे. प्रत हे खगोलशास्त्रातले तेजाचे माप; ५ प्रती म्हणजे तेजात १०० पट फरक. तेव्हा १० प्रती म्हणजे १०,००० पट. शिवाय या दीर्घिकेची बाहेरची कड अंधाऱ्यातल्या अंधाऱ्या आकाशाच्या स्वतःच्या मंद उजेडापेक्षाही फिकी असते. गाभ्याला मानवेल एवढाच प्रकाश घेतला तर भुजा उमटत नाहीत. भुजांसाठी जास्त वेळ प्रकाश घेतला तर गाभा पांढऱ्या डागात बुडून जातो. कागद, छापील पान आणि संगणकाचा पडदा यांपैकी एकालाही एवढा पल्ला पेलत नाही. म्हणून दीर्घिकेची जी चित्रे लोक पाहतात, त्या प्रत्येकात हा पल्ला कोणीतरी, कोणत्या तरी रीतीने आवळलेला असतो. ती रीत गेल्या दीडशे वर्षांत कशी घडली आणि एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, हाच या विद्येचा इतिहास आहे.

डोळा आणि पेन्सिल

छायाचित्रणापूर्वी हे काम निरीक्षकाचा डोळा आणि हात करत असत. पर्शियन ज्योतिर्विद अल-सूफी याने इ. स. ९६४ च्या सुमारास आपल्या स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथात देवयानीतल्या या अस्पष्ट ठिपक्याची नोंद केली. १६१२ मध्ये सिमॉन मारियुस याने तो दुर्बिणीतून पाहिला. शार्ल मेसिए याची यादी १७८१ मध्ये १०३ पदार्थांपर्यंत पोहोचली. पुढे १०० वर्षांहून अधिक काळ या सगळ्या धूसर पदार्थांना सरसकट तेजोमेघच म्हटले जाई.

१८४५ मध्ये आयर्लंडमधील बर् कॅसल येथे लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची धातूच्या आरशाच्या दुर्बिणीतून मेसिएच्या यादीतला एम ५१ हा तेजोमेघ पाहिला आणि त्याच्या सर्पिल भुजा कागदावर उतरवल्या. एखाद्या तेजोमेघाचा आकार सर्पिल असतो, हे या रेखाटनामुळे प्रथम कळले. अंधाराला सरावलेला डोळा तेजाचा मोठा पल्ला आपोआप सांभाळतो, त्यामुळे रेखाटनात गाभा आणि भुजा दोन्ही सामावत. पण डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणभरात जे दिसेल तेवढेच. उरलेले हाताच्या सवयीने आणि अपेक्षेने भरले जाई. एकाच पदार्थाची दोन निरीक्षकांनी काढलेली चित्रे जुळत नसत आणि त्यांतले खरे कोणते, हे ठरवायला तिसरा साक्षीदार नव्हता.

काचेची प्लेट

तो साक्षीदार मिळायला वेळ लागला. १८५१ पासून प्रचारात आलेली कलोडियनची प्लेट ओली असतानाच वापरावी लागे. काही मिनिटांत ती वाळे आणि निकामी होई. चंद्र-सूर्यासाठी हे चालण्यासारखे होते, दीर्घिकांसाठी नाही. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली. पुढच्या दशकात या प्लेट बाजारात आल्या आणि प्रकाश तासन्‌तास साठवता येऊ लागला.

अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांचे छायाचित्र घेतले. इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी १८८३ मध्ये ३६ इंची परावर्तक दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र मिळवले की डोळ्याला कधीच न दिसलेले तारे त्यात उमटले. दुर्बीण ताऱ्यामागोमाग फिरताना थोडी चुकतेच. ती चूक भरून काढण्यासाठी प्लेटच सरकवता येईल असा प्लेटधारक कॉमन यांनी वापरला. रात्रभर एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून स्क्रू फिरवत बसणे हे त्यानंतर जवळपास १०० वर्षे या कामाचे पहिले शिक्षण ठरले.

दीर्घिकांपुरता खरा आरंभ आयझॅक रॉबर्ट्‌स यांचा. ते व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार. लिव्हरपूलजवळच्या मॅगहल येथे त्यांनी ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण बसवली होती. १८८८ च्या उत्तरार्धात त्यांनी देवयानीची छायाचित्रे घेतली. त्यांतले २९ डिसेंबरचे सुमारे ४ तासांचे. गाभ्याभोवतीचे धुळीचे पट्टे आणि कड्यांसारखी रचना त्यात स्पष्ट होती. चित्र चांगले होते, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला: घडत असलेली एखादी सूर्यमाला आपण पाहतो आहोत, असे त्या काळच्या अनेकांना वाटले. उत्तम छायाचित्र हाती आले म्हणून अर्थही बिनचूक लागतो असे नाही, हा धडा या विद्येला आरंभीच मिळाला.

त्याच १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते आणि तिची परावर्तक दुर्बीणही ग्रबच्याच कारखान्यातली होती. मात्र पुण्यातले काम मुख्यतः वर्णपटांचे आणि सूर्याचे होते. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

मॅगहलपासून फार दूर नसलेल्या विडनेस गावात फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये प्लेटच्या वागणुकीचा नियम मांडला. प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटलेला काळेपणा यांचा आलेख त्यांनी काढला. खाली सपाट पायथा, मध्ये चढ आणि वर पुन्हा सपाट खांदा अशी ती वक्ररेषा होती. फार कमी प्रकाश पायथ्याशी हरवतो, फार जास्त प्रकाश खांद्याशी साचतो. फरक नीट दिसतो तो मधल्या चढावरच. दीर्घिकेच्या भुजा पायथ्याला आणि गाभा खांद्याला का अडकतो, याचे उत्तर या एका रेषेत होते. आजचे सॉफ्टवेअर पडद्यावर जी वक्ररेषा वाकवू देते, तिचे मूळ इथेच आहे.

वेधशाळांची अंधारखोली

कॉमन यांची ३६ इंची दुर्बीण एडवर्ड क्रॉस्ली यांच्याकडून १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला देणगी म्हणून मिळाली. जेम्स कीलर यांनी तिची दुरुस्ती केली आणि १८९८ पासून तेजोमेघांची पद्धतशीर छायाचित्रे घेतली. प्लेटमागे प्लेट धुतली जाऊ लागली तसे सर्पिल तेजोमेघ हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे, हे दिसू लागले. या दुर्बिणीच्या आवाक्यात असे १,२०,००० तेजोमेघ असावेत असा अंदाज कीलर यांनी केला. १९०० मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

यर्किस आणि नंतर माउंट विल्सन येथे जॉर्ज विलिस रिची यांनी हे तंत्र कारागिरीच्या पातळीवर नेले. आरसा घासण्यापासून प्लेट धुण्यापर्यंत सगळे ते स्वतः करत. १९०१ मध्ये २४ इंची परावर्तकाने त्यांनी घेतलेले देवयानीचे छायाचित्र पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. या काळात शिकण्याचा मार्ग एकच होता: जाणत्या माणसाच्या हाताखाली अंधारखोलीत उभे राहणे. डेव्हलपरचे तापमान, ट्रे हलवण्याची गती, प्लेट कधी उचलायची, छापताना गाभ्यावरचा आणि भुजांवरचा उजेड हाताने किंवा पुठ्ठ्याने आडवून कमीजास्त कसा करायचा, या गोष्टी पाहूनच शिकायच्या असत.

संशोधकाला मात्र छापील चित्राची गरज फार नसे. तो निगेटिव्हच वाचत असे: पांढऱ्या आकाशावर काळे तारे. एडविन हबल यांनी ऑक्टोबर १९२३ मध्ये १०० इंची हूकर दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या प्लेटवर एका ताऱ्याशेजारी आधी नवतारा म्हणून केलेली खूण खोडून तो रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, असल्याची नोंद केली. तो सेफीड प्रकारचा तारा निघाला. त्यावरून अंतर काढता आले आणि देवयानी ही आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत वाचला गेला.

लांब एक्स्पोजरची आणखी एक गाठ होती. फोटोग्राफिक लेपाला मंद प्रकाश दिला की वेळ दुप्पट केल्यावर परिणाम दुप्पट होत नाही. लेप आळसावत जातो. कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस या दोषाचे गणित मांडले. कोडॅक कंपनीत सी. ई. के. मीस यांच्या प्रयोगशाळेने पुढे खास खगोलशास्त्रासाठी, मंद प्रकाशात कमी आळसावणाऱ्या प्लेट बनवल्या. १०३ए ही त्यांतली नामांकित मालिका.

योग्य प्लेट आणि योग्य आकाश जुळून आले की काय होते, हे वॉल्टर बाडे यांनी दाखवले. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवेबंदी होती, त्यामुळे माउंट विल्सनवरचे आकाश काळे झाले होते. बाडे यांनी तांबड्या प्रकाशाला संवेदनशील प्लेट घेतल्या आणि तोवर केवळ धुरकट दिसणारा देवयानीचा गाभा सुट्या ताऱ्यांत फोडला. गाभ्यातले तारे तांबूस आणि जुने, भुजांतले निळे आणि तरुण, ही दोन गटांची कल्पना त्यांनी १९४४ मध्ये मांडली. आजच्या रंगीत चित्रात गाभा पिवळसर आणि भुजा निळसर दाखवल्या जातात, त्याला आधार या निरीक्षणाचा आहे.

ॲलन सँडेज यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला हबल ॲटलास आणि हॉल्टन आर्प यांचा १९६६ मधला ३३८ विलक्षण दीर्घिकांचा ॲटलास हे प्लेटयुगाचे दोन मोठे ग्रंथ. दीर्घिकेचे चित्र कसे छापावे, याचा मापदंड पुढच्या पिढीला यांतूनच मिळाला.

मॅलिन यांचे तीन उपाय

अंधारखोलीतली विद्या शिखराला पोहोचली ती ऑस्ट्रेलियात. डेव्हिड मॅलिन हे इंग्लंडमध्ये वाढलेले रसायनतज्ज्ञ १९७५ मध्ये अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत रुजू झाले. प्लेटवर जे उमटलेले असते त्याचा फार थोडा भाग कागदावर येतो, हे त्यांनी हेरले आणि त्यावर तीन उपाय केले.

पहिला उपाय गाभ्यासाठी, अनशार्प मास्कचा. तत्त्व छपाईच्या धंद्यात आणि क्ष-किरण चित्रणात आधीपासून ठाऊक होते; मॅलिन यांनी ते दीर्घिकांना लावले. मूळ प्लेट काचेची आणि निगेटिव्ह, म्हणजे तिच्यावर गाभा गडद काळा. या प्लेटच्या मागच्या बाजूला, लेप नसलेल्या काचेला टेकवून, एक सौम्य, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक कमी दाखवणारी, फिल्म ठेवायची आणि पसरट उजेड द्यायचा. लेप आणि फिल्म यांच्यामध्ये काचेची जाडी असल्यामुळे फिल्मवर उमटणारी प्रतिमा धूसर होते. ही फिल्म धुतली की पॉझिटिव्ह मिळतो: प्लेटवर जिथे काळे, तिथे फिल्म स्वच्छ; प्लेटवर जिथे फिके, तिथे फिल्म करडी. आता प्लेट आणि फिल्म पुन्हा नेमकी एकावर एक जुळवायची. तेजाचे मोठमोठे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात; पण धुळीचे पट्टे, ताऱ्यांचे पुंजके असे बारकावे धूसर फिल्ममध्ये उतरलेलेच नसतात, म्हणून ते शाबूत राहतात. या जोडीतून कडक, म्हणजे फरक ठळक करणाऱ्या, कागदावर छापले की गाभ्याच्या ऐन पोटातली रचना आणि बाहेरच्या भुजा एकाच चित्रात दिसतात.

दुसरा उपाय फिक्या भागासाठी. अतिमंद प्रकाशाने उमटलेले चांदीचे कण लेपाच्या वरच्या थरात असतात, तर रासायनिक धुके, म्हणजे प्रकाशाविना आलेला काळेपणा, लेपाच्या सगळ्या जाडीत पसरलेले असते. पसरट उजेडात, कडक फिल्म लेपाला चिकटवून प्रत काढली तर वरचे कण ठळक उमटतात आणि धुके मागे पडते. या रीतीने मॅलिन यांना लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती कवचांसारख्या फिक्या कमानी सापडल्या. डेव्हिड कार्टर यांच्यासह ते काम १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. लहान दीर्घिका गिळल्याच्या या खुणा आहेत, असे आता मानले जाते. मॅलिन १ ही अवाढव्य पण अत्यंत फिकी दीर्घिकाही याच मार्गाने १९८० च्या दशकात उजेडात आली.

तिसरा उपाय रंगाचा. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या गाळणीतून घेतलेल्या तीन कृष्णधवल प्लेट एकत्र करून मॅलिन यांनी रंगीत चित्रे बनवली. तीन गाळण्यांचे हे तत्त्व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच दाखवले होते. आजच्या कॅमेऱ्यांतही रंग याच तत्त्वावर मिळतो.

हौशी मंडळींनी हीच विद्या घरच्या अंधारखोलीत आणली. १९८० च्या दशकात कोडॅकची टेक्निकल पॅन २४१५ ही बारीक कणांची फिल्म त्यांची लाडकी होती. ती वापरण्यापूर्वी नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन यांच्या मिश्रणात गरम करून ठेवली जाई, म्हणजे लांब एक्स्पोजरमध्ये ती आळसावत नसे. काही जण कोरड्या बर्फाने फिल्म थंड करत. २००४ मध्ये ही फिल्म बंद झाली, तोवर तिची जागा दुसऱ्याच साधनाने घेतली होती.

प्लेटची जागा अंकांनी घेतली

प्रतिमेचे अंकांत रूपांतर करून तिच्यावर संगणकाने काम करण्याची रीत १९६० च्या दशकात चंद्र-मंगळाच्या मोहिमांसाठी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत वाढली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा इलेक्ट्रॉनिक संवेदक शोधला. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. १९७० च्या दशकाच्या मध्यास सीसीडी दुर्बिणीला जोडला गेला. फोटोग्राफिक प्लेट तिच्यावर पडलेल्या प्रकाशकणांपैकी एक-दोन टक्केच नोंदवते. चांगला सीसीडी ८० टक्क्यांहून अधिक.

पण संस्करणाच्या दृष्टीने याहून मोठा फरक वेगळा होता. सीसीडीत पायथा आणि खांदा नाही: प्रकाश दुप्पट तर अंक दुप्पट, पिक्सेलची साठवण भरेपर्यंत. त्यामुळे चुका वजाबाकी-भागाकाराने काढता येऊ लागल्या. दुर्बिणीचे तोंड झाकून, त्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळेचे घेतलेले चित्र म्हणजे डार्क फ्रेम. ती वजा केली की संवेदकाच्या उष्णतेने साचलेले अंक आणि तापट पिक्सेल जातात. संधिप्रकाशातल्या आकाशाचे किंवा एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचे चित्र म्हणजे फ्लॅट फ्रेम. तिने भागले की कोपऱ्यांतला काळोख आणि धूलिकणांची वर्तुळाकार सावली जाते. क्रमही ठरलेला: आधी वजाबाकी, मग भागाकार. क्रम उलटला तर फ्लॅट फ्रेम उष्णतेने साचलेल्या अंकांनाच भागते आणि नवी चूक तयार होते.

यानंतर येते स्टॅकिंग. एकाच दीर्घिकेची अनेक चित्रे जुळवून त्यांची सरासरी काढली की खरा प्रकाश टिकतो आणि यादृच्छिक गोंगाट चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १६ चित्रांनी गोंगाट ४ पट घटतो, १०० चित्रांनी १० पट. उपग्रहाची रेघ एकाच चित्रात असते, म्हणून ती बाद करता येते. रात्रभराची एकच प्लेट जमेल की बिघडेल, ही जुनी धाकधूक संपली.

वेधशाळांमध्ये चित्रांची देवाणघेवाण व्हावी म्हणून १९८१ मध्ये फिट्‌स ही फाइलची रचना प्रसिद्ध झाली आणि ती आजही चालू आहे. १९९० च्या सुमारास हौशी लोकांच्या खिशाला परवडतील असे थंड केलेले सीसीडी कॅमेरे आले. त्याच १९९० मध्ये फोटोशॉपही आले. अंधारखोलीचा उंबरठा न ओलांडलेली पहिली पिढी इथून सुरू होते. रिचर्ड बेरी आणि जेम्स बर्नेल यांचा खगोलीय प्रतिमा-संस्करणावरील ग्रंथ २००० मध्ये आला आणि तोवर प्रयोगशाळांत विखुरलेले गणित घरी शिकता येईल असे एकत्र मिळाले.

पल्ला आवळण्याचे गणित

स्टॅकिंग झालेले चित्र पहिल्यांदा उघडले की शिकाऊ माणसाची निराशा होते. १६ बिटांच्या चित्रात ६५,५३६ पायऱ्या असतात. दीर्घिकेचा बहुतेक भाग त्यांतल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर बसलेला असतो. पडद्यावर काही तारे, गाभ्याचा ठिपका आणि बाकी काळोख. या तळाच्या पायऱ्या वर उचलणे म्हणजे स्ट्रेच करणे. सगळी मेख इथे आहे: सरळ उचलले की गाभा फुटतो.

जपानचे कुनिहिको ओकानो यांनी १९९० च्या दशकात यावर डिजिटल डेव्हलपमेंट ही पद्धत दिली. तिचे सूत्र मंद भागाला जवळजवळ सरळ रेषेत उचलते आणि तेजस्वी भागाला हळूहळू वाकवते. म्हणजे सीसीडीने घालवलेला प्लेटचा खांदा तिने हव्या त्या जागी परत आणला. तीव्रतेचे बारकावे गाळणीविना घेतलेल्या चित्रातून आणि रंग तीन गाळण्यांतून घ्यायचा, ही एलआरजीबी पद्धतही त्यांच्याच नावे ओळखली जाते.

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या चित्रांसाठी रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ॲसिन्ह फलन वापरण्याची रीत मांडली. हे फलन लहान अंकांसाठी सरळ रेषेसारखे आणि मोठ्या अंकांसाठी लॉगॅरिदमसारखे वागते. समजा, आकाशाचा उजेड वजा केल्यावर भुजेवर ४० आणि गाभ्यावर ४०,००० अंक आहेत. प्रमाण १ ला १०००. दोन्हींना ४० ने भागून ॲसिन्ह काढले तर भुजेला ०.८८ आणि गाभ्याला ७.६० मिळतात: प्रमाण ९ पटींच्या आत येते आणि दोघे एका पडद्यावर मावतात. लप्टन यांनी हे फलन तिन्ही रंगांना वेगवेगळे न लावता त्यांच्या एकत्रित तीव्रतेला लावले आणि मग तिन्ही रंगांना एकाच गुणोत्तराने बदलले. म्हणून गाभा पांढरा न पडता त्याचा पिवळेपणा टिकतो.

जिथे गाभा मूळ चित्रातच भरून वाहिलेला असतो, तिथे कोणतेही फलन चालत नाही. त्यासाठी काही सेकंदांची आणि काही मिनिटांची अशी दोन प्रकारची चित्रे घेऊन जोडावी लागतात. प्लेटयुगातले संशोधक गाभ्यासाठी वेगळी, कमी वेळाची प्लेट घेत. तोच उपाय आता एका चित्रात मिसळतो. अनशार्प मास्कही संगणकात आला, फक्त काचेच्या जाडीची जागा धूसर करण्याच्या सूत्राने घेतली.

वातावरणाने किंवा आरशाने फिसकटलेली प्रतिमा गणिताने पुन्हा आवळण्याला डिकन्व्होल्यूशन म्हणतात. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लुसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत १९९० मध्ये हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाल्यावर सर्वांच्या तोंडी झाली. डिसेंबर १९९३ मधल्या दुरुस्तीपर्यंत तिच्यावर बरेच काम भागवावे लागले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या हबल हेरिटेज प्रकल्पाने एम १०४ आणि एम ५१ यांची जी चित्रे दिली, ती आज हौशी लोकांच्या डोळ्यांसमोर आदर्श म्हणून असतात. या प्रकल्पातल्या मंडळींनी ट्रॅव्हिस रेक्टर यांच्यासोबत २००७ मध्ये आपली पद्धत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. हबलचा मूळ डेटा सर्वांना खुला असल्यामुळे स्वतःची दुर्बीण नसलेला विद्यार्थीही एम ५१ वर हात बसवू शकतो.

खरे आणि दिखाऊ

साधने वाढली तशा नव्या चुकाही वाढल्या. मास्क जास्त झाला की गाभ्याभोवती काळे कडे येते. पल्ला गरजेपेक्षा अधिक आवळला की गाभा भुजांइतकाच मंद दिसतो आणि दीर्घिका चपटी वाटते. गाभा हाच सर्वांत तेजस्वी भाग आहे, हे चित्रात दिसलेच पाहिजे. आकाश पूर्ण काळे केले की बाहेरची फिकी कड त्यातच कापली जाते. शहराच्या उजेडाने आलेला पार्श्वभूमीतला चढउतार काढताना नमुन्याचे बिंदू दीर्घिकेच्या कडेवर पडले तर सॉफ्टवेअर दीर्घिकाच पुसते. मुंबई-पुण्याच्या आकाशाखाली ही अडचण रोजची आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिचे मोल यावरून कळते.

या चुका केवळ शोभेच्या नाहीत. २००८ मध्ये डेव्हिड मार्तिनेझ-देल्गादो यांच्या गटाने हौशी छायाचित्रकार जे गॅबनी यांच्यासह एनजीसी ५९०७ या दीर्घिकेभोवती ताऱ्यांच्या प्रवाहाचे अनेक वेढे दाखवले. लहान दुर्बिणीतूनही संशोधनाला हातभार लागतो, हे त्या चित्राने जगाला पटवले. २०१९ मध्ये ड्रॅगनफ्लाय या दुर्बिणी-संचाने तीच दीर्घिका पुन्हा पाहिली, तेव्हा प्रवाह दिसला, पण त्याचा दुसरा वेढा दिसला नाही. उलट उदाहरण देवयानीचेच आहे. मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रोट्नर आणि यान सेंती या हौशी निरीक्षकांनी अनेक तास प्रकाश ऑक्सिजनच्या वर्णरेषेच्या अरुंद गाळणीतून साठवला आणि दीर्घिकेशेजारी एक लांबलचक कमान शोधली. जगात सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या दीर्घिकेजवळची ही कमान तोवर कोणालाच दिसली नव्हती. दुसऱ्या दुर्बिणींनी ती तपासली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

गेल्या काही वर्षांत चेतासंस्था-जालांवर (न्यूरल नेटवर्कवर) चालणारी साधने आली आहेत. तारे वेगळे काढणे, गोंगाट पुसणे, प्रतिमा धारदार करणे ही कामे ती काही मिनिटांत करतात. त्यांतला धोका रॉसच्या काळातल्या पेन्सिलीचाच आहे: जे नोंदले गेले नाही ते पूर्वानुभवावरून भरले जाण्याचा. म्हणून अनुभवी मंडळी साधन चालवण्याआधीचे आणि नंतरचे चित्र ताडून पाहतात आणि शंका आली तर कच्च्या चित्रांकडे परत जातात.

नवशिक्याने कोणतेही सॉफ्टवेअर निवडले तरी क्रम हाच ठेवावा: डार्क आणि फ्लॅट बिनचूक घ्यावेत, भरपूर चित्रांचे स्टॅकिंग करावे, आधी पार्श्वभूमी आणि रंग नीट करावेत, मग हलक्या हाताने अनेक टप्प्यांत स्ट्रेच करावे आणि धारदारपणा शेवटी, तोही जिथे पुरेसा प्रकाश जमला आहे तिथेच आणावा. दीडशे वर्षांच्या अनुभवाचा निर्वाळा असा आहे की संस्करण प्रकाश निर्माण करत नाही. साठवलेला प्रकाश ते फक्त दिसेल अशा पायरीवर आणते. जे साठवलेच नाही ते चित्रात आले असेल, तर ते दीर्घिकेचे नव्हे.